अँजिओप्लास्टी झाली, पेशंट घरी आला. पण घर कुठे आहे?

वैजू_मुलुंड | रविवार, रात्री १०:१५

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. थोडं लांबेल.

गेल्या वर्षी आमच्याकडे सहा महिन्यांच्या अंतराने दोघांना हार्ट अटॅक आला. आधी बाबांना, मग मामांना. दोघांची अँजिओप्लास्टी पालिकेच्या एकाच मोठ्या रुग्णालयात, एकाच युनिटमध्ये झाली. मामांची महात्मा फुले योजनेतून, त्यामुळे स्टेंटचे पैसे भरावे लागले नाहीत. तिथल्या लोकांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पहाटे ज्या निवासी डॉक्टरने मामांना हाताळलं, तिचे उपकार आम्ही विसरणार नाही.

डिस्चार्ज होताना दोघांना जवळजवळ सारखाच कागद मिळाला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची, बीपीची. मामांना शिवाय पाण्याची गोळी, कारण त्यांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं होतं. खाली छापील सूचना: मीठ कमी, रोज अर्धा तास चालणे, जिने टाळणे, जड उचलू नये, रोज सकाळी वजन करावे, पुरेशी झोप घ्यावी.

बाबा मुलुंडला राहतात. दुसरा मजला, लिफ्ट आहे. पाच मिनिटांवर बाग. दोन महिन्यांत त्यांचं फिरणं सुरू झालं.

मामा मानखुर्दला. पूर्वी रेल्वेरुळांलगत झोपडी होती. ती हटवल्यावर पुनर्वसनाच्या इमारतीत सव्वादोनशे फुटांची खोली मिळाली, सहाव्या मजल्यावर. हक्काची खोली मिळाली तेव्हा मामींनी गल्लीभर पेढे वाटले होते. मामा घरी आले तेव्हा लिफ्ट बंद होती, तिसरा महिना चालू होता. पाण्याला सहाव्या मजल्यापर्यंत जोर नाही, खालून भरून आणावं लागतं. मामी, आणि मामी कामाला गेल्या की मामा. कागदावर 'जिने टाळणे' लिहिलंय आणि घरात प्यायला पाणी नाही, तर माणसाने काय करायचं?

पहिल्या महिन्यातच पाय सुजून, दम लागून परत भरती. चौथ्या महिन्यात पुन्हा. दुसऱ्या वेळी एका डॉक्टरांनी मामींना सुनावलं, "तुम्ही लोक पथ्य पाळत नाही." मामी काही बोलल्या नाहीत. मी शेजारी उभी होते, मीही बोलले नाही. ते अजून सलतं.

प्रत्येक केसपेपरवर पेशंटचा पत्ता असतो. तो उपचाराचा भाग म्हणून कुणी वाचतं का? इथे वैद्यकीय क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनीही लिहा.

कुंदा_ताई | रविवार, रात्री १०:५०

वैजू, वाचून गलबलले. आमच्या बिल्डिंगमध्ये पोळ्यांना येणाऱ्या बाईंच्या नवऱ्याचं हेच झालं. फक्त ते तिसऱ्यांदा गेले ते परत आलेच नाहीत. मामींना माझा नमस्कार सांग.

सरळरेषा | सोमवार, सकाळी ७:२०

सहानुभूती आहे, तरी एक प्रश्न विचारतो, राग नसावा. मामा तंबाखू खायचे का? त्याच इमारतीत त्याच जिन्यांवर शेकडो माणसं राहतात, सगळ्यांना परत भरती व्हावं लागत नाही. माझे वडील लालबागच्या चाळीत राहिले, सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास. बायपासनंतर सतरा वर्षं जगले, कारण पथ्य काटेकोर होतं. सगळं वस्तीवर ढकललं की माणसाच्या हातात काही उरतच नाही.

डॉ_मंदार | सोमवार, दुपारी २:०५

मी फिजिशियन आहे. दोन गोष्टी.

आधी मामांचं काय होतंय ते. पंपिंग ३० म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी जेमतेम तीस टक्के बाहेर ढकलतं. निरोगी हृदयात हा आकडा ५५ ते ७० असतो. रक्त कमी पोचलं की किडनीला वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते आधी पायात उतरतं, मग फुप्फुसात. सूज दिसण्याआधी वजन वाढतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. म्हणून रोज वजन करायला सांगतात. त्याच टप्प्यावर गोळीचा डोस बदलला तर पुष्कळदा भरती टळते. हंडे उचलून सहा मजले चढणं अशा हृदयाला झेपणारं नाही, यात वादच नाही.

पण वैजूताई, तुम्ही विचारलं म्हणून सांगतो, दोघांची तुलना पूर्ण नाही. छातीत दुखायला लागल्यापासून किती वेळात रुग्णालयात पोचले? बाबा आणि मामा, दोघेही?

विचारण्याचं कारण, २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपल्याकडचा 'क्रिएट' हा मोठा अभ्यास आला होता. ५० शहरांतली ८९ केंद्रं, वीस हजारांवर रुग्ण. रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तासांहून जास्त लागले. तोवर हृदयाचा बराचसा स्नायू मेलेला असतो. ३० दिवसांतले मृत्यू गरीब रुग्णांत ८.२ टक्के, श्रीमंतांत ५.५. पण मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरली नाही. गरिबांना उपचारच कमी मिळाले होते. म्हणून मी म्हणेन, आधी रुग्णालयाचा दरवाजा आणि तिथे पोचण्याचा वेळ, वस्ती नंतर.

वैजू_मुलुंड | सोमवार, रात्री ९:३०

सरळरेषा, राग नाही. मामा तंबाखू खायचे. अटॅकनंतर सोडली, मामींनी घरात पुडी येऊ दिली नाही. बाबांची सिगारेट मात्र अजून पूर्ण सुटलेली नाही, तेही लिहायला हवं.

डॉक्टर, तुमचा प्रश्न बरोबर जागी लागला. बाबा दीड तासात पोचले. मामांना सात तास लागले. रात्री अकराला दुखायला लागलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन दिलं. पहाटे घाम फुटला तेव्हा १०८ ला फोन केला. गाडी आली, पण आतल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना टेम्पो लावलेले, ती इमारतीपर्यंत येईना. शेजारच्या मुलांनी मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं आणि तसंच नाक्यापर्यंत नेलं. म्हणजे त्यांचं हृदय जास्त खराब होऊनच ते टेबलावर गेले. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

पण ते सात तासही त्या पत्त्यावरच गेले ना?

डॉ_मंदार | सोमवार, रात्री ९:५२

हो. हे मान्य करावं लागेल.

सिस्टर_अलका | मंगळवार, पहाटे ५:४०

नाइट ड्यूटी संपवून लिहितेय, चुका झाल्यास सांभाळून घ्या. मेडिसिन वॉर्डात एकवीस वर्षं काढली.

आमच्या वॉर्डात गोवंडीच्या एक मावशी यायच्या. वय साठच्या आत, पंपिंग २५. दर दीड-दोन महिन्यांनी अंगभर पाणी घेऊन हजर. इंजेक्शनं देऊन पाच दिवसांत उतरवायचो, घरी पाठवायचो, पुन्हा तेच. फाइलवर शेरा पडला होता: औषधे नियमित घेत नाही. एकदा मी त्यांच्या पिशवीतल्या गोळ्या मोजल्या. सगळ्या गोळ्या बरोबर संपलेल्या, फक्त पाण्याच्या गोळीची पट्टी जशीच्या तशी.

विचारलं तर आधी बोलेनात. मग पडदा ओढला, शेजारी बसले, तेव्हा म्हणाल्या, "सिस्टर, ती घेतली की तासातासाला जावं लागतं. संडास गल्लीच्या टोकाला. रांग. दरवेळी पैसे. रात्री तिकडे दिवा नाही, सून सोबत यायला कंटाळते. कामावर तर जायची सोयच नाही."

पाण्याची गोळी तासाभरात लागू होते आणि साधारण सहा तास काम करते. ज्याच्या घरात संडास आहे त्याला यात काहीच विशेष वाटत नाही. मावशींसाठी ते सहा तास म्हणजे रोजची शिक्षा होती. त्या पथ्य मोडत नव्हत्या, लाज सांभाळत होत्या. बायका तर पाणीच कमी पितात, बाहेर जावं लागू नये म्हणून. हे मी वॉर्डात शेकडो वेळा ऐकलंय.

त्या दिवसापासून डिस्चार्ज देताना मी विचारते: मजला कितवा, लिफ्ट चालते का, संडास घरात की बाहेर, पाणी कोण भरतं, रात्री झोप लागते का. पाच मिनिटं जातात. कागदावर या उत्तरांना रकाना नाही, मी पेनाने मागे लिहिते.

माधुरी_गोरेगाव | मंगळवार, सकाळी ९:१०

सिस्टर, मग त्या मावशींचं पुढे काय झालं?

प्रसाद_ब्रॅम्प्टन | मंगळवार, सकाळी ९:३५

कॅनडात ओंटारिओमध्ये राहतो, रुग्णालयाच्या नोंदी-विभागात काम करतो. डॉ. मंदार यांचा 'आधी दरवाजा' हा मुद्दा वाचून इकडचा एक जुना अभ्यास आठवला. इथे डॉक्टर आणि रुग्णालय सगळ्यांना मोफत आहे, दरवाजा कागदावर तरी सगळ्यांना सारखाच उघडा. तरीही १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ओंटारिओच्या ५१ हजारांहून जास्त हार्ट अटॅक रुग्णांचा हिशेब आला. रुग्ण ज्या भागात राहतो त्या भागाचं मध्यक उत्पन्न दहा हजार डॉलरने वाढलं की वर्षभरात मृत्यूचा धोका १० टक्क्यांनी कमी. सगळ्यात श्रीमंत भागांत अँजिओग्राफीचं प्रमाण सगळ्यात गरीब भागांपेक्षा २३ टक्के जास्त, आणि तिच्यासाठी थांबण्याचा काळ ४५ टक्के कमी.

म्हणजे पैसे लागत नसतानाही चांगल्या वस्तीतला माणूस लवकर पुढे सरकतो. त्याला कुणाला फोन करायचा ते माहीत असतं, कामावरून सुटी मिळते, गाडी असते. मी इथे आल्यावर बरीच वर्षं मानत होतो की मोफत म्हणजे समान. आता तसं मानत नाही.

सरळरेषा | मंगळवार, दुपारी १:१५

अलका सिस्टरांची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या आईने चाळीत मधुमेहाची गोळी अशीच चुकवली असेल का, हा विचार डोक्यातून जात नाही. वडिलांचं पथ्य काटेकोर होतं असं मी लिहिलं, पण ते सांभाळायला आई दिवसभर घरात होती. पाणी ती भरायची, मीठ वेगळं काढून त्यांची भाजी ती करायची. शेजारी कंपाउंडर होते, तेच बीपी बघायचे. चाळीत गरिबी होती, पण माणसं होती. हा फरक मी धरला नव्हता.

तरी प्रश्न उरतोच. सगळ्या वस्त्या बदलेपर्यंत डॉक्टरांनी काय करायचं?

अनघा_पीएच | मंगळवार, रात्री ११:०५

सार्वजनिक आरोग्यात काम करते. इथे जे चाललंय ते मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे, त्याबद्दल लिहिते.

गोपाल सिंह या संशोधकांनी २००३ मध्ये तिथल्या जनगणनेतले १७ निकष एकत्र करून प्रत्येक भागाचा वंचितता निर्देशांक मांडला. शिक्षण, उत्पन्न, बेकारी, घरभाडं हे आलंच, पण घरात नळ-संडास आहे का, टेलिफोन आहे का, गाडी आहे का, एका खोलीत एकापेक्षा जास्त माणसं राहतात का, हेही त्यात आहे. सिस्टर पेनाने मागे लिहितात त्यातलं बरंचसं.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डॉ. एमी काइंड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो निर्देशांक ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या नोंदींना जोडला. हार्ट फेल्युअर (मामांसारखं हृदय कमजोर पडणं), हार्ट अटॅक आणि न्यूमोनियाचे रुग्ण घेतले, आणि डिस्चार्जनंतर ३० दिवसांत कोण परत भरती होतं ते पाहिलं. मला अपेक्षा होती की वस्ती जितकी गरीब तितकं प्रमाण पायरीपायरीने वाढत जाईल. तसं नाही झालं. वरच्या ८५ टक्के भागांत फारसा फरकच नाही, सरासरी २१ टक्के. तळाच्या १५ टक्के भागांत मात्र ते २२ वरून २७ पर्यंत चढत जातं.

म्हणजे मध्यमवर्गीय आणि श्रीमंत वस्तीत या बाबतीत फरक नाही. एका मर्यादेखाली गेल्यावर मात्र जमीनच सुटते. वैजूताईंच्या बाबांचं घर काही बंगला नाही. पण लिफ्ट, नळ, संडास आणि चालायला जागा, एवढं असलं की माणूस त्या मर्यादेच्या वर राहतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. तिथे ऑक्टोबर २०१२ पासून जास्त रुग्ण परत भरती होणाऱ्या रुग्णालयांचे पैसे कापायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. पण गरीब वस्त्यांना सेवा देणाऱ्या रुग्णालयांवर त्याचा बोजा जास्त पडला, म्हणजे ज्यांना पैशाची गरज जास्त त्यांचेच कापले गेले. पुढे २०१९ च्या आर्थिक वर्षापासून नियम बदलून सारख्या प्रकारचे रुग्ण असलेल्या रुग्णालयांची आपापसात तुलना करू लागले. आपल्याकडे असं काही मोजायला घेतलं तर ही चूक आधीच टाळता येईल. आणि मोजायलाच हवं. आज डिस्चार्जनंतर पेशंटचं काय झालं हे कळतं ते तो परत आला तरच. जो परत आलाच नाही तो बरा झाला की गेला, हे नोंदवहीला माहीत नसतं.

शफिक_बैंगनवाडी | बुधवार, सकाळी १०:२०

मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. जन्म आणि सगळं आयुष्य गोवंडीत. आमचा एम-पूर्व वॉर्ड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत आमचा निर्देशांक सर्वात खाली होता, शून्य ते एकच्या मापात ०.०५. शाळेत सरांनी फळ्यावर लिहून दाखवला होता. मला तेव्हा वाटलं, सरांचा शून्य चुकून जास्त पडलाय.

देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये त्याला मोठी आग लागली तेव्हा अब्बांना पहिला अटॅक येऊन वर्ष झालं होतं. दारं-खिडक्या बंद करून, फटींत ओले कपडे कोंबून बसलो. तिसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट ओढता?" अब्बांनी आयुष्यात कधी ओढली नाही.

मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने अभ्यास केला होता, टीबीबद्दल. इमारती इतक्या खेटून बांधल्यात की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि तिथेच टीबी जास्त. टीबीसाठी ते सिद्ध झालं. हार्टसाठी कुणी बघायला आलेलं मी तरी पाहिलं नाही. वैजूताई, तुमचे मामा सहाव्या मजल्यावर आहेत, निदान हवा येत असेल. तळमजला मागायला जाल तर हेही बघा.

चालण्याबद्दल. आमच्याकडे संध्याकाळी चालायचं म्हणजे कचऱ्याच्या डंपरच्या मागे चालायचं. अब्बा मशिदीच्या आवारात फेऱ्या मारायचे, दोन नमाजांच्या मध्ये. पेशइमामांनी स्वतःहून परवानगी दिली होती. अशा जागा प्रत्येक वस्तीत एक-दोन असतात. बुद्धविहार, शाळेचं पटांगण. त्या शोधाव्या लागतात, डॉक्टरला त्या माहीत नसतात.

वसंत_किनवट | बुधवार, दुपारी ४:४५

मुंबईत निदान रुग्णालय एका लोकलच्या अंतरावर आहे. आमच्याकडे स्टेंट टाकायला नांदेड किंवा त्याच्याही पुढे. दाखवायला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, दोघांचं एसटीचं भाडं. मग लोक महिनाभराच्या गोळ्या दोन महिने पुरवतात, एक दिवसाआड. धाग्याचा विषय शहराचा आहे म्हणून इथेच थांबतो.

डॉ_मंदार | बुधवार, रात्री १०:३०

वसंतराव, थांबू नका, हाच विषय आहे. आणि एक कळकळीची विनंती, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला: स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत एकही दिवस चुकवू नका. अटॅकनंतर ही मुदत सहसा वर्षभराची असते. मध्येच थांबल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जनऔषधी केंद्रात यातली बरीच औषधं खूप स्वस्त मिळतात.

सरळरेषांच्या प्रश्नाचं माझं उत्तर. २०१६ मध्ये आपल्याच देशातला एक अभ्यास आला. १४ रुग्णालयं, हार्ट अटॅक किंवा तशाच त्रासाने भरती झालेले ८०६ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचा सल्ला, निम्म्यांच्या मागे वर्षभर एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता. तो डॉक्टर नव्हता, नर्स नव्हता. रुग्णालयात आणि घरी भेटून गोळ्या, खाणं, व्यसन याबद्दल बोलायचा आणि अडचण कुठे आहे ते बघायचा. वर्षाअखेर गोळ्या नीट घेणाऱ्यांचं प्रमाण ९७ टक्के, दुसऱ्या गटात ९२. तंबाखू सोडणारेही जास्त. आपल्याकडे आशाताई क्षय आणि बाळंतपणासाठी घरोघर जातातच. हृदयरुग्णांसाठीही जाता येईल, पण त्याचं वेगळं मानधन द्यायला हवं. आधीच त्यांच्यावर कामाचे डोंगर आहेत.

पहिल्या दिवशी मी 'वस्ती नंतर' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. उद्यापासून माझ्या ओपीडीतही मजला आणि संडास विचारणार आहे.

सिस्टर_अलका | गुरुवार, सकाळी ६:१०

माधुरीताई, त्या मावशींबद्दल विचारलंत. युनिटच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मावशींना विचारलं, संडासाला रांग कधी नसते? मावशी म्हणाल्या, दहा वाजल्यानंतर. मग गोळीची वेळ सकाळी सातवरून साडेनऊ केली, दुसरी गोळी दुपारी तीनला, म्हणजे अंधार पडेपर्यंत तिचा जोर ओसरतो. मावशींनी सकाळचं एक काम सोडून संध्याकाळचं घेतलं. त्यानंतर आठ महिने त्या वॉर्डात आल्या नाहीत, फक्त ओपीडीत. गोळीची वेळ कुणीही आपल्या मनाने बदलू नका, पण अडचण बोला.

वैजू, योजनेतून झालेल्या उपचारांसाठी पाठपुराव्याच्या सेवाही ठरवलेल्या आहेत. मामांच्या बाबतीत काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचार, डिस्चार्जचा कागद आणि रेशनकार्ड घेऊन जा. लोकांना हे कुणी सांगत नाही.

वैजू_मुलुंड | रविवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्यात जे झालं ते लिहिते.

शुक्रवारी आरोग्यमित्रांना भेटले. तपासण्या आणि काही औषधं पाठपुराव्यात बसतील असं म्हणाले, कागद जमा केले. वजनकाटा मामांकडे पोचवला. चौथ्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी रोज सकाळी कॉलेजला जाताना वर येते, काटा वाचते आणि आकडा मला मोबाइलवर पाठवते. तिला मामांनी लहानपणी पोहायला शिकवलं होतं, म्हणून ती पैसे घेत नाही. दीड किलो वाढलं की मी डॉक्टरांना फोन करायचा, असं ओपीडीत ठरवून घेतलंय. पाणी भरायला मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एक मुलगा लावलाय, मामांचा वाटा मी देते.

लिफ्टसाठी सोसायटीच्या अध्यक्षांकडे चौथ्यांदा जाऊन आले. या वेळी सोबत बाबा आले होते. सहा मजले थांबत थांबत चढले आणि मामांच्या दारात पोचल्यावर बराच वेळ खाली बसून राहिले. त्यांना बोलता येत नव्हतं. मामांनी त्यांना पाणी दिलं.

आजचा आकडा ५८.२. कालचाच.